घाई कुणाची?



ईद जवळ आली की मोबाइलवर सुरू होतं: ‘शेवटची १० मिनिटं’, ‘फक्त २ नग शिल्लक’. आपण पटकन बटण दाबतो. पण ही घाई आपली नसते, विकणाऱ्याची असते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या पद्धतींवर बंदी घातली. खोटी घाई दाखवणं, न विचारता बिलात जादा वस्तू घुसवणं, या त्यातल्याच. असं घडलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तो आपला हक्क आहे.

पण कायदा आपल्या हौसेला आवर घालू शकत नाही. ते काम आपलंच. त्यासाठी किंमत रुपयांत नाही, दिवसांत मोजा. महिन्याचे २५ दिवस राबून १५ हजार मिळत असतील, तर एका दिवसाचे ६०० झाले. मग १,८०० चे बूट म्हणजे तीन दिवसांची मेहनत. आणि हप्त्यावर घेतले, तर अजून न केलेल्या कामाची कमाईही गेली.

ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका. ऑफरचे मेसेज बंद करा. ईदची यादी अम्मी-अब्बांसोबत बसून आधीच लिहा. यादीबाहेरचं काही आवडलं, तर एक रात्र जाऊ द्या. सकाळीही गरज वाटली, तर जरूर घ्या.

रोज्यात समोर पाणी असूनही आपण मगरिबपर्यंत थांबतो. मग एका ऑफरसमोर एक रात्र थांबणं आपल्याला जड का जावं?