दोन उत्तरेकडील विमानतळ आणि नकाशावरचा दोरा



माझा सारा जन्म शाळेंत भूगोल व अंकगणित शिकविण्यांत गेला. वर्गाच्या भिंतीवर मर्केटरच्या पद्धतीचा जगाचा नकाशा असे आणि त्यावर दोरा धरून अंतरें मोजविण्याचा माझा परिपाठ असे. एकदां एका विद्यार्थ्यानें नॉर्वेच्या उत्तर भागांतील ट्रॉम्सोपासून स्वालबार्ड बेटांवरील लाँगइयरब्येनपर्यंत दोरा धरला, विषुववृत्तावरील प्रमाणाशीं ताडून पाहिला आणि उत्तर दिलें, साडेतीन हजार किलोमीटर. मीं त्यास पूर्ण गुण दिले. ती चूक त्याची नव्हे, माझी.

खऱ्या अंतरासाठीं दोरा नकोच. ट्रॉम्सोचा अक्षांश ६९ अंश ४१ कला, लाँगइयरब्येनचा ७८ अंश १५ कला. रेखांशांचा फरक थोडा, आणि तितक्या उत्तरेस रेखावृत्तें एकमेकांजवळ आलेलीं असल्यामुळें तो सोडून दिला तरी चालेल. वजाबाकी ५१४ कला. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात् १.८५२ किलोमीटर. गुणाकार ९५२ च्या घरांत येतो. मुंबईहून दिल्लीचा हवाई मार्गसुद्धां याहून लांब आहे! मर्केटरच्या नकाशांत ध्रुवाकडील प्रदेश ताणले जातात. ७८ अंशांवर तर हा ताण जवळजवळ पांचपट होतो. हें मीं मुलांस सांगावयास हवें होतें.

ताशीं ८०० किलोमीटर वेगाचें विमान हें अंतर सव्वा तासाच्या आंतच कापील. परंतु चढण्यांत व उतरण्यांत वेळ जातो, म्हणून प्रवास दीड ते पावणेदोन तासांचा होतो.

वाटेंत बेअर बेट सोडल्यास केवळ समुद्र. १८ जून १९२८ रोजीं रोआल्ड अमुंडसेन ट्रॉम्सोहून याच दिशेनें निघाले. नोबिले यांचें 'इटालिया' हें हवाई जहाज बर्फावर कोसळलें होतें; त्यांचा शोध घ्यावयाचा होता. अमुंडसेन यांच्या विमानांत सहा माणसें होतीं. पुढें त्या विमानाचा एक तरंडा सांपडला. माणसांचा पत्ता लागला नाहीं. दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या पुरुषास या ९५२ किलोमीटरांनीं गिळलें.

लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ सालीं सुरू झाला. त्यापूर्वीं समुद्र गोठला कीं वसंतापर्यंत जहाजांची ये-जा बंद. आजहि तेथील रुग्णालय लहानच आहे. गंभीर रोग्यास विमानानें ट्रॉम्सोस नेतात, आणि गर्भवती स्त्रिया दिवस भरण्यापूर्वींच मुख्य भूमीवर जाऊन राहतात. हवा बिघडली म्हणजे पावणेदोन तासांचा हिशेब कोण मांडणार?

तो विद्यार्थी आज कोठेंहि असो. त्याचे गुण मी कापीत नाहीं; दोरा त्यानें नीट धरला होता.