नाद आणि निद्रा

डोळ्यांना पापण्या आहेत. कानांना निसर्गाने कवाडे दिलेली नाहीत. म्हणूनच निजलेल्या माणसाच्याही कानी पावसाची सर पडते, दूरच्या आगगाडीची शिटी पडते. पण तो जागा होत नाही. मात्र तान्हे मूल जरा कुरकुरले, की गाढ झोपलेली आई उठून बसते. नाद आत कुठवर पोचतो आणि अडतो कोठे, हे कोडे जुनेच आहे.

ध्वनीची लहर प्रथम कानाच्या पडद्यावर आदळते. अंतर्कर्णातील शंखाकार नलिकेत सूक्ष्म केस धारण करणाऱ्या पेशी असतात; त्या तिचे विद्युत्संदेशात रूपांतर करतात. हा संदेश मस्तिष्कस्तंभातून पायरीपायरीने मेंदूच्या वरच्या थरापर्यंत चढतो. परंतु हा मार्ग एकेरी नव्हे. वरूनही प्रतिसाद खाली उतरत असतो, आणि आलेल्या नादात महत्त्वाचे कोणते व उपेक्षणीय कोणते, याची निवड त्याच्या साहाय्याने होते.

अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी सूक्ष्म विद्युदग्रे बसवावी लागतात. त्यांच्या आधारे तेल अवीव व लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. झोपेतही श्रवणकेंद्रातील पेशी शब्दांना आणि संगीताला जोमाने प्रतिसाद देत होत्या. वरून उतरणाऱ्या प्रतिसादाची जी खूण मानली जाते, ती मात्र क्षीण झाली होती. तात्पर्य, निद्रा दार लावून घेत नाही. पाहुणा आत येतो, पण यजमान उठत नाही. तरी काही हाका त्यालाही चाळवितात. निद्रिस्तांना अनेक नावे ऐकविली असता स्वतःच्या नावाला मेंदूचा विद्युत्प्रतिसाद अधिक वेळा उमटतो, असे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते.

संगीताचा अभ्यास या व्यवस्थेत काय बदल घडवितो? अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली एक निष्कर्ष मांडला. चिनी भाषेतील स्वरांचे चढउतार, ती भाषा न जाणणाऱ्या संगीतज्ञांचा मस्तिष्कस्तंभ इतरांपेक्षा अधिक अचूक टिपतो, असे त्यांना आढळले होते. या निष्कर्षाने पुष्कळ आशा निर्माण केल्या. परंतु २०२५ साली अनेक विद्यापीठांनी मिळून, कितीतरी अधिक लोकांवर केलेल्या पाहणीत असा फरक आढळला नाही. कदाचित पहिल्या पायरीवर गवई आणि सामान्य श्रोता समानच असतील. मग भेद पडतो तो वर, जेथे स्मृती, अवधान आणि अपेक्षा यांचा वास आहे.

तेथेच निद्रेचे कार्य चालते. याच विद्यापीठातील २०१२ सालच्या एका प्रयोगात काही जणांना कळा दाबून दोन धुना वाजविण्यास शिकविले. नंतर त्यांना सुमारे दीड तास झोपू दिले, आणि गाढ निद्रेत त्यांपैकी एकच धून हलकेच ऐकविली. जागे झाल्यावर तीच धून त्यांनी अधिक अचूक वाजविली. न शिकलेली विद्या मात्र निद्रा देत नाही; दिवसा कष्टाने पेरलेलेच ती रुजविते.

ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेपुरती नाही. मैफलीच्या आदल्या रात्री जागून पलटे घोटणारा शिष्य, परीक्षेसाठी पहाट करणारा विद्यार्थी, हे दोघेही कमावलेले मुरण्याची वेळच गमावीत असतात. आणि ज्यांना झोपायचे आहे, त्यांच्या उशाशी कर्णे वाजत असतात. भारतात २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर निर्बंध घातले, आणि निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली. कान रात्रभर उघडाच राहतो. तेव्हा त्याच्यासाठी दार लावून घेणे, हे शेजाऱ्याच्याच हाती उरते.