वळू निवडताना त्याची आई पाहावी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी एका निवृत्त शिक्षकाने वळूविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची शेती गावी भावाच्या हाती आहे आणि वळूसाठी पैसा मात्र पुण्यातून जातो. ज्याचा पैसा त्याची पसंती, असा व्यवहार असल्यामुळे हा विषय आपल्यापुढे मांडीत आहे.

माझ्या वडिलांनी खरसुंडीच्या यात्रेतून एक खिलार खोंड आणला होता. पांढराशुभ्र वर्ण, लांबसडक डौलदार शिंगे. सारा गाव पाहावयास लोटला. त्याची आई कशी होती, हे मात्र कोणी विचारले नाही. पुढे त्याच्या कालवडी व्याल्या, तेव्हा एकीला पान्हा बेताचा, तर दुसरी वासरास जवळ येऊ देईना. चूक ध्यानी आली तोवर पाच-सहा वर्षे निघून गेली होती. "शिंगे पाहिली, कास पाहिली नाही," एवढेच वडील म्हणत.

गाय वर्षाला फार तर एक वासरू देते. वळू मात्र वर्षाला पन्नास-साठ गाईंना पुरतो, आणि प्रत्येक वासराचा निम्मा वारसा त्याचा असतो. गाईच्या निवडीतील चूक एका दावणीस राहते, वळूच्या निवडीतील चूक गावभर पसरते. शिवाय दुधाचा गुण वळूच्या अंगी दिसत नाही. तो त्याच्या कन्यांत प्रकट होतो. 'खाण तशी माती' ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

म्हणून प्रथम त्याच्या आईची चौकशी करावी. ती किती वेळा व्याली? दोन वेतांत अंतर किती? विताना अडली काय? वासरे जगली काय? कास व सड निकोप राहिले काय? त्यानंतर वळू पाहावा. पाठ सरळ, पाय व खूर मजबूत, वृषण सारखे आणि स्वभाव शांत असावा. सांसर्गिक गर्भपाताची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी. त्याच्या कालवडी माजावर येण्यापूर्वी वळू बदलावा. नाहीतर बापलेकींचा संकर होऊन वंश खालावतो.

२०१४ साली बंद झालेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांस मान्यता दिली. त्यामुळे खिलार खोंडास मोल आले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु घाटात धावणारा खोंड चांगल्या गाईंचा बाप होईलच, असे नाही. परदेशांत मांसासाठी गुरे पाळणारे लोकही कळपात राखावयाच्या कालवडींसाठी एक वळू निवडतात आणि विकावयाच्या वासरांसाठी दुसरा. आपला हेतू निराळा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या, व २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूंच्याही हत्येस बंदी आहे. तथापि तत्त्व तेच.

ज्या गावी वळू नाही, तेथे कृत्रिम रेतनाची सोय आहे. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या 'बाएफ' संस्थेने या कार्यात मोठा वाटा उचलला आहे. गोठविलेले वीर्य उणे १९६ अंशांत वर्षानुवर्षे टिकते. तेथेही वळूच्या आईची नोंद अवश्य विचारावी.

बंधूंनो, यंदा गावी पैसे धाडताना भावास एवढाच प्रश्न करा : "आई पाहिलीस काय?" इतके सांगून आपली रजा घेतो.