संप म्हणजे केवळ १९८२ नव्हे



गिरणगावात ‘संप’ म्हटले की १८ जानेवारी १९८२ हीच तारीख आठवते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मी बोलणार आहे त्याच्या ५४ वर्षे आधीच्या संपाविषयी.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. पुढाऱ्यांनी मागण्यांची यादी केली. आपल्या माणसांचे दुःख मात्र वेगळेच होते. त्यांना सूतकताईकडे काम मिळे, पण जादा पगाराच्या साचेखात्यात पाऊल टाकता येत नसे. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याचा ओठ लागलेला धोटा दुसरा विणकर तोंडाला कसा लावणार! यंत्राला जात कळत नव्हती, शेजारच्या कामगाराला कळत होती.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, ही बंदी उठविण्याची मागणी यादीत घाला, नाहीतर आमच्या लोकांना संपापासून दूर राहण्यास सांगेन. नाखुशीने ती घातली गेली. मालकांनी हात झटकले. हा अन्याय असेल तर तो आमच्यामुळे नाही, असे त्यांचे म्हणणे. या एका बाबतीत ते अगदीच खोटे बोलत नव्हते, हे कबूल करावे लागते.

यावरून बाबासाहेब संपाच्याच विरोधात होते, असे कोणी सांगू लागला तर त्याला ७ नोव्हेंबर १९३८ ची आठवण द्या. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्या दिवशी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कायदा झाला, ती गोष्ट निराळी.

विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. ‘आजोबा गिरणीत होते’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या खात्यात होते? साच्यावर उभे राहायला मिळाले का, आणि कोणत्या साली? दादरच्या इंदू मिलच्या जागेवर २०१५ साली बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले. गिरणीच्या आतले सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. वही घेऊन आधी त्यांच्याकडे जा.