शिर्डीचे अब्दुलबाबा : एका नावाविषयी

अब्दुल हे नाव आपण सहज घेतो, पण अरबी व्याकरणाच्या हिशेबानं ते अर्धंच आहे. ‘अब्द’ म्हणजे दास. पुढचं ‘उल’ येतं ते त्यानंतरच्या ईश्वरनामासाठी. म्हणून पूर्ण नावं अब्दुल करीम, अब्दुल रहीम, अब्दुल्ला अशी. दास कुणाचा, हे सांगितल्याविना नाव पुरं होत नाही. जाणकार म्हणतील, नुसतं अब्दुल म्हणणं हा अडाणी संक्षेप. व्याकरणापुरतं ते खरं. पण नावाला अर्थ येतो तो माणसाच्या वागण्यातूनही, आणि याचा पुरावा शिर्डीत आहे.

नांदेडचे अब्दुल तरुणपणी, 1889 च्या सुमारास, अमीरुद्दीन फकिरांच्या सांगण्यावरून शिर्डीला आले. साईबाबांनी ‘माझा कावळा आला’ म्हणून त्यांचं स्वागत केल्याची आठवण सांगतात. लाडाचं नाव म्हणून कावळा कोण निवडील! त्यांच्या वाट्याला कामंही तशीच आली: मशिदीत, चावडीत, लेंडीबागेत दिवे लावायचे, झाडलोट करायची, पाणी आणायचं, कपडे धुवायचे. बाबांजवळ बसून कुराणही वाचायचं. 1918 साली बाबांनी देह ठेवल्यावर अब्दुलबाबांनी समाधीची सेवा केली. दास कुणाचा, हा प्रश्न इथे व्याकरणाला विचारावा लागत नाही.

यावर दोन्हीकडून आक्षेप येईल. इस्लामी श्रद्धेप्रमाणे ‘अब्द’ फक्त अल्लाचा. त्याला गुरूचा दास ठरवणं गैर. आक्षेप रास्त आहे, पण अब्दुलबाबांनी नाव बदललं नाही, कुराण सोडलं नाही. गुरूची सेवा हीच ईश्वराची चाकरी, ही सूफींची जुनी रीत. दुसरा आक्षेप असा, की परकी भाषा, परका अर्थ, आपला काय संबंध? तर साईबाबांच्याच दरबारातले दासगणू महाराज पाहा, त्यांच्याही नावात दासच आहे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरचे, पोलिसातली नोकरी सोडून कीर्तनकार झालेले, पुढे नांदेड जिल्ह्यातल्या गोरट्याला राहिलेले. नांदेडचा अब्द शिर्डीला आला, नगरचा दास नांदेडकडे गेला. म्हणून दोन परंपरा एक झाल्या, असं मी म्हणणार नाही; कुराण आणि कीर्तन वेगळीच राहिली. पण सेवकपण मिरवण्यासारखं आहे, हे दोन्हीकडे आधीपासून मान्य होतं. गावानं अब्दुलचं गणपत केलं नाही, पुढे फक्त ‘बाबा’ जोडलं.

अब्दुलबाबा 1954 साली वारले. चावडीसमोर त्यांचं छोटं घर आहे आणि लेंडीबागेजवळ, साईभक्त तात्या पाटलांच्या समाधीच्या परिसरातच, त्यांची कबर. दर्शनाच्या रांगेतून सुटलात की तिकडेही जाऊन या.