दहा मिनिटांत काय काय मोजायचे?

फॅमिली डॉक्टरांच्या या परिषदेचा यंदाचा विषय डॉक्टरांच्या कामाच्या मोजमापाचा आहे, आणि त्याची सुरुवात ब्रिटनपासून करणे भाग आहे.

एप्रिल 2004 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने फॅमिली डॉक्टरांशी नवा करार केला. 146 निकष, 1050 गुण, आणि दवाखान्याच्या उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा त्या गुणांवर. पहिल्याच वर्षी बहुतेक दवाखान्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळवले. मधुमेह आणि दम्याच्या रुग्णांची देखभाल काही काळ खरोखर सुधारली, हे श्रेय त्या योजनेला द्यायलाच हवे.

पण तपासणीच्या खोलीत काय झाले? भेट दहा मिनिटांची. गुडघा दुखतो म्हणून एक आजी येतात. संगणकाच्या पडद्यावर आठवण झळकते : रक्तदाब राहिला, धूम्रपानाची नोंद राहिली. डॉक्टर ते उरकतात. यजमान गेल्यापासून झोप लागत नाही, हे आजी उठता उठता सांगतात, तोवर पुढच्या रुग्णाची वेळ झालेली असते. ते ऐकून घ्यायला गुण नव्हते.

उद्दिष्ट कसे उलटते, याचा दाखला तिथल्याच 48 तासांच्या नियमात आहे. मागितल्यापासून दोन दिवसांत भेट मिळावी, हा हेतू चांगला होता. तो पाळण्यासाठी अनेक दवाखान्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ देणेच बंद केले! 2005 च्या निवडणुकीत टीव्हीवरच्या कार्यक्रमात एका महिलेने हे सांगितले, तेव्हा पंतप्रधान टोनी ब्लेअर चकित झाले.

स्कॉटलंडने 2016 मध्ये ही गुणपद्धत सोडली. त्यानंतर अनेक बाबींच्या नोंदी तिथे घसरल्या, हेही इथे मोकळेपणाने मांडले पाहिजे. तेव्हा मोजणेच वाईट, असा निष्कर्ष या साऱ्यातून निघत नाही. वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी कुणी न सांगता गावातल्या प्रौढांचा रक्तदाब मोजला, वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला. पुढे तिथले अकाली मृत्यू शेजारच्या गावापेक्षा कमी आढळले.

महाराष्ट्रातही उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा काही भाग कामगिरीशी बांधलेला आहे. असे निकष ठरवणाऱ्या बैठकीत रोज रुग्ण तपासणारी माणसे असावीत, तसा ठराव या परिषदेने करावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.