दोष एकट्या बाईचा काय?



नको असताना दिवस गेले, की घरातली मंडळी बाईलाच बोल लावतात. पण हा दोष तिचा एकटीचा असतो काय?

१९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या कार्यापायी पुढे त्यांची प्राध्यापकी गेली. १९५० साली आपल्या या शहरात ज्यांच्या संस्थेने महाविद्यालय सुरू केले, त्या डॉ. आंबेडकरांनीही हा प्रश्न ओळखला होता. १९३८ साली त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

आज सरकारी दवाखान्यात साधने फुकट मिळतात. मग अडते कोठे?

पहिले कारण अर्धवट माहिती. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, असे आपण सर्रास समजतो. पण मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, केवळ आईच्याच दुधावर असेल आणि पाळी परत आली नसेल, तरच त्यावर विसंबता येते. दुसरे कारण, बाईची शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आपण मानला. दोन मुलांत अंतर राखण्याची साधने मागे पडली. तिसरे कारण सर्वांत जड. साधन वापरावे की नाही, हे नवरा ठरवतो किंवा सासू ठरवते. नऊ महिने मात्र बाईने काढायचे!

तेव्हा बंधूंनो, तिला बोल लावण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारा: तिला कोणी विचारले होते काय?